मोत्याचे वावडे

मराठीत 'वावडे' हा मोठा सोयीचा शब्द आहे. जावयाला वांग्याचे वावडे असते, सासूला सुनेच्या माहेरचे असते आणि आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीला रजेच्या अर्जाचे असते. 'ॲलर्जी' हा शब्द त्या मानाने अगदी काल-परवाचा. क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली तो ग्रीक शब्दांचे तुकडे जोडून घडवला. आपल्या आज्यांचे काम मात्र "त्याला ते सोसत नाही" एवढ्या वाक्यात भागत असे. या वाक्यातले 'ते' म्हणजे काय, हे त्यांना पक्के ठाऊक असायचे. कुत्र्याच्या बाबतीत घोडे अडते ते नेमके या 'ते'पाशी. मुके जनावर खाजवते. कशाने खाजते, हे सांगणे त्याच्या हाती नसते. आमच्या मोत्याचे 'ते' शोधायला आम्हांला जवळजवळ दीड वर्ष लागले.

मोत्या हा फिकट पिवळ्या रंगाचा लॅब्रॅडॉर. २०२१ साली मामंजी गेले आणि सासूबाईंच्या दुपारी फार लांब झाल्या. आम्ही दोघे कामावर, मुलगी शाळेत. म्हणून २०२२ च्या जानेवारीत दोन महिन्यांचे हे पिलू घरी आणले. मुलीने 'ब्रूनो' हे नाव मनाशी ठरवले होते, पण सासूबाईंच्या वाईच्या माहेरी एक मोती होता, तेव्हा हा आपोआप मोत्या झाला. दुपारी चार वाजता सासूबाई पेलाभर दूध घेत आणि मोत्याला बशीभर देत. "आम्ही दोघं चहावाले नव्हे," असे त्या कौतुकाने सांगत.

२०२३ च्या पावसाळ्यात मोत्या पुढचे पाय चाटू लागला. पायांच्या बोटांमधले केस लाळेने तांबूस झाले. मग काखा, मग पोट, मग कान. रात्री दोनच्या सुमारास गळ्यातल्या पट्ट्याची घंटी वाजू लागली की अख्खे घर जागे व्हायचे. खाजवून खरूज काढणे हा वाक्प्रचार मी वर्गात अनेकदा शिकवला होता. तो आता घरात चालताबोलता दिसू लागला.

अशा वेळी उपाय सुचवणाऱ्यांना तोटा नसतो. कुणी कडुलिंबाचा पाला उकळून त्याच्या पाण्याने आंघोळ घालायला सांगितले, कुणी हळद नि खोबरेल सांगितले. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तर मोटारीचे जळके ऑइल डबाभर आणून दिले. हा उपाय आपल्याकडे सर्रास करतात, म्हणून मुद्दाम लिहिते. कुत्रा अंगाला लावलेले सारे चाटतो, आणि ते तेल पोटात गेले की विष होते. आम्ही डबा तसाच परत केला. आमच्या ह्यांचा संशय गाजरगवतावर होता. या परदेशी तणाची भारतातली पहिली नोंद १९५६ साली आमच्या पुण्याहूनच झाली, आणि माणसांच्या कातडीला ते छळते हे डॉक्टरांनी कधीच सिद्ध केले आहे. तेव्हा आरोपी गावचाच होता. परंतु मोत्या फिरायला जायचा त्या मैदानातले गवत उन्हाळ्यात वाळून गेले, तरी घंटी वाजतच राहिली.

पहिल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. पंधरा दिवस मोत्या राजासारखा झोपला. सोळाव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे. असे चार वेळा झाले. ते स्टिरॉइड होते. त्याने बहुतेक खाज दबते, मग ती कशानेही आलेली असो. त्यामुळे उतार पडला तरी कारणाचा पत्ता लागत नाही. शिवाय मोत्या घागरीने पाणी पिऊ लागला आणि घरात लघवी करू लागला. स्वच्छ सवयीच्या त्या जनावराचा ओशाळलेला चेहरा बघवत नसे.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या तरुण बाई परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. पाऊण तास त्यांनी नुसते प्रश्न विचारले. खाज आधी की पुरळ आधी? बारमाही की हंगामी? घरात आणखी कुणाला खाजते का? मग म्हणाल्या, "मॅडम, औषध मी देईन, पण शोध तुम्हांला घ्यावा लागेल. आणि क्रम मोडायचा नाही."

तो क्रम मला व्याकरणासारखा वाटला. आधी नियम, मग पोटनियम, आणि कुठेच न बसणारे ते अपवाद. यातला पहिला मान पिसवांचा. पिसवांच्या लाळेचे वावडे असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात, म्हणून अंगावर पिसू दिसली नाही तरी ती निर्दोष ठरत नाही. बाईंनी मुलीला एक गंमत शिकवली. बारीक दातांच्या फणीने केस विंचरायचे आणि पडलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायची. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. आमचा कागद पांढराच राहिला. पिसवांचा चावरेपणा बहुधा शेपटीच्या बुडाशी दिसतो आणि मोत्याची पाठ साफ होती. तरीही महिन्याची गोळी त्यांनी सुरू केलीच. पुराव्याअभावी सुटलेल्यावर पाळत ठेवावी, तसे.

दुसरा संशय खरजेच्या किड्यांवर. बाईंनी मोत्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. खरूज असली तर बहुतेक कुत्र्यांचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागतो. मोत्याचा हलला नाही. बोथट पात्याने कातडी खरवडून तीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. किडे नव्हते. पण पायाच्या बोटांत चिकटपट्टी दाबून काढली, तिच्यावर मॅलॅसेझिया नावाची बुरशी भरपूर सापडली. त्याच्या अंगाचा आंबूस वास तिचाच. ही बुरशी मूळ कारण नव्हे. सुजलेल्या ओलसर कातडीवर ती उपऱ्यासारखी येऊन बसते आणि मग स्वतःची खाज वाढवते. तिच्यासाठी औषधी शांपू आला. तो लावून घड्याळाने दहा मिनिटे थांबायचे असते. फेस लावलेल्या लॅब्रॅडॉरला न्हाणीघरात दहा मिनिटे धरून ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळावे.

वास गेला, खाज निम्मी उरली. आता दोनच संशयित राहिले, एक अन्नातला आणि एक हवेतला. हवेतल्या वावड्याला 'ॲटोपी' म्हणतात. १९२३ साली रूढ झालेल्या या शब्दाचा ग्रीक अर्थ 'जागा सोडून असलेले' असा आहे. झुरिकचे क्लोद फाव्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्याच्या खुणा मांडल्या. तीन वर्षांच्या आत सुरुवात, कुत्रा मुख्यतः घरात राहणारा, पुढचे पाय आणि कान लाल पण कानाच्या कडा शाबूत, वगैरे. मोत्याला त्यांतल्या बहुतेक लागू पडत होत्या. पण बाईंनी सांगितले, की अन्नाच्या वावड्याचे कुत्रेही हुबेहूब असेच दिसते. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

मुलीने मोबाइलवर कुत्र्याच्या केसांवरून आणि लाळेवरून वावडे ओळखणारी एक तपासणी शोधून काढली. बाई हसल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असल्या तपासणीसाठी खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम केस आणि निर्जंतुक मिठाचे पाणीही पाठवले होते. त्या खोट्या कुत्र्यालाही कितीतरी पदार्थांची वावडी निघाली! अन्नाच्या बाबतीत रक्ताची तपासणीही भरवशाची नाही. उपाय एकच, आणि तो स्वयंपाकघरातला. जन्मात कधी न खाल्लेले अन्न आठ आठवडे द्यायचे आणि दुसरा कणही तोंडात जाऊ द्यायचा नाही. २०१५ च्या एका अभ्यासाप्रमाणे अन्नाचे वावडे असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांना पाच आठवड्यांत उतार पडतो, आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिकांना.

आता आमच्या शाकाहारी घरात मोत्याने काय खाल्ले नव्हते? पोळी, भात, वरण, दूध, पनीर सारे झाले होते. बाजारच्या कोरड्या खाण्यातून कोंबडी पोटात गेली होती. राहिली मासळी. "मासळी आणि रताळे," बाईंनी निकाल दिला. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एकादशीचं रताळं आणि मासळी एका ताटात? काय काय बघायचं लिहिलंय!" पण त्यांनी हरकत घेतली नाही, एवढेच म्हणाल्या, "माझ्या भांड्यांत नको."

प्रश्न सोडवला वरच्या मजल्यावरच्या मालवणच्या वहिनींनी. त्यांच्याकडे मासा शिजायचा. नदीचा रोहू, आणि तोही बिनमिठाचा, नुसता उकडलेला, हे ऐकून त्यांना मोत्याचा खराच कळवळा आला. "अगं, त्यानं असं काय पाप केलंय?" त्यांनी विचारले. तरी रोज सकाळी काटे काढून त्या डबा पाठवीत. ती निगुती माझ्याने झाली नसती.

जुलैच्या अखेरीस हे व्रत सुरू झाले. चार वाजताची बशी बंद झाली. सासूबाईंनी ती धुऊन फळीवर पालथी घातली. आम्ही विज्ञानासाठी आठ आठवडे बसलो होतो, त्यांना मात्र रोज चार वाजता त्या डोळ्यांकडे पाहून नाही म्हणावे लागे. पुढेपुढे त्या दूध स्वयंपाकघरातच उभ्याने पिऊन येऊ लागल्या. मी काही बोलले नाही. काय बोलायचे?

मुलीने वही केली. रोज रात्री शून्य ते दहांत खाजेला गुण. पहिल्या आठवड्यात ६, तिसऱ्यात ५, पाचव्यात ३. सहाव्यात गणपती आले, आमचा दीड दिवसाचा. विसर्जनानंतर दोन दिवसांनी वहीत एकदम ७. चौकशी झाली. भाच्याने, वय वर्षे पाच, सरळ कबूल केले, "मामी, त्यानं हात जोडले होते, म्हणून मी पेढा दिला." किती? तर बोटे मोजून चार.

पेढा म्हणजे खवा, खवा म्हणजे दूध, झाला निकाल, असे आमचे हे म्हणाले. बाईंना ते पटेना. पाहुण्यांच्या घरात पेढ्याबरोबर आणखी काय काय गेले असेल, कुणी सांगावे? व्रत वाढले. ऑक्टोबरच्या मध्यावर वहीत १ आणि २ दिसू लागले. घंटी रात्रभर गप्प राहू लागली, आणि गंमत अशी की त्या शांततेनेच मला जाग येई.

आता उलटा प्रवास. एकेक जुना पदार्थ परत द्यायचा आणि दोन आठवडे थांबायचे. या टप्प्याशिवाय निदान पुरे होत नाही, आणि बरे वाटू लागलेली माणसे नेमका हाच टाळतात. आधी पोळी दिली, काही झाले नाही. मग वरणभात, तोही सोसला. नोव्हेंबरच्या अखेरीस दुधाची पाळी आली. सासूबाईंनी स्वतः बशी फळीवरून काढली, पदराने पुसली. चार वाजता दोघे पुन्हा खिडकीशी बसले. दुसऱ्या रात्री घंटी वाजली. तिसऱ्या दिवशी कान लाल, पाय ओले, वहीत ८.

"लहानपणापासून पितोय की तो," सासूबाई म्हणाल्या. "दूध कधी कुणाला बाधतं का?" बाईंनी त्यांना खुर्ची ओढून बसवले आणि समजावले. वावडे नव्या पदार्थाचे असते ही समजूतच चुकीची. शरीर ज्याला पुन्हापुन्हा भेटते त्याच्याशीच एखाद्या दिवशी वैर धरते. भांडण दुधातल्या प्रथिनांशी असते, म्हणून दूध ताजे असो वा उकळलेले, थोडे असो वा फार, त्याने फरक पडत नाही. पाश्चात्त्य देशांतल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी २०१६ साली एकत्र केल्या, तेव्हा दुधाच्या पदार्थांचे वावडे १७ टक्क्यांना निघाले, कोंबडीचे १५ आणि गव्हाचे १३. त्याहून वर फक्त गोमांस होते. "तुमच्या दुधात काही नव्हतं, आजी," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी मान हलवली, पण दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत.

बाईंना खात्रीसाठी दूध आणखी एकदा देऊन पाहायचे होते. शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होते. सासूबाईंनी मात्र साफ नाही म्हटले. "तुमच्या पुराव्यासाठी मी त्याला पुन्हा रक्त येईस्तोवर खाजवायला लावणार नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिले, मी ह्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी कागदावर पेढे आणि दूध या दोघांची साक्ष धरून निदान लिहिले.

त्याला आता वर्ष होत आले. इंजेक्शने बंद आहेत. मासळीचा डबा कधीच थांबला, पण अकरा वाजता मोत्या अजून जिन्याशी जाऊन बसतो, आणि वहिनी अधूनमधून विरघळतात. चार वाजता सासूबाई त्याला उकडलेल्या रताळ्याच्या चकत्या देतात, त्याच बशीत. दूध पुन्हा खिडकीशी बसून पितात.

यंदाच्या, २०२५ च्या पावसाळ्यात मात्र तो पुन्हा थोडे पाय चाटतो आहे. वहीत ३ च्या वर आकडा गेलेला नाही. एकाच कुत्र्याला दोन वावडी असू शकतात, हे बाईंनी आधीच बजावले होते. आता त्यांचा संशय घरातल्या धुळीतल्या अतिसूक्ष्म किड्यांवर आहे. त्याच्या अंथरुणाची खोळ दर आठवड्याला साठ अंश तापलेल्या पाण्यात धुवायची, आणि तेवढ्याने भागले नाही तर कुशीवरचे केस काढून कातडीत सुया टोचून तपासायचे, असे ठरले आहे. मुलीने दुसरी वही घेतली आहे. पहिल्या पानावर तिने 'धूळ' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे.