राजसंमतीचा कायदा आणि तिसऱ्या जॉर्जची पंधरा अपत्ये

ब्रिटिश राजकुलातील मुलांच्या विवाहांवर एक लेख द्यावा अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा त्यांच्या मनात सोनेरी रथ आणि घंटानाद असावेत. परंतु या विषयाचे दप्तर चाळू लागल्यावर माझे लक्ष वधूवरांपेक्षा त्यांच्या पाठीशी दरडावून उभ्या राहिलेल्या एका रुक्ष कायद्याकडेच अधिक वेधले गेले. जेमतेम तीन कलमांचा हा १७७२ सालचा राजविवाह कायदा त्यानंतर दोनशे चाळीस वर्षांहून अधिक काळ अंमलात राहिला, आणि ज्याने तो करविला त्या तिसऱ्या जॉर्जच्याच घरात त्याने प्रथम उत्पात मांडला.

त्याची जन्मकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. राजाचा धाकटा भाऊ ड्यूक ऑफ कंबरलंड याने १७७१ साली ॲन हॉर्टन नावाच्या विधवेशी परस्पर लग्न केले, आणि दुसरा भाऊ ड्यूक ऑफ ग्लॉस्टर याने १७६६ मध्येच गुपचूप उरकलेले आपले लग्न पुढल्या वर्षी, कायदा होऊन गेल्यावर, उघड केले. कंबरलंडच्या लग्नाने संतप्त झालेल्या राजाने पार्लमेंटकडून कायदा करवून घेतला तो असा, की परकीय राजकुलांत दिलेल्या राजकन्यांची संतती वगळून दुसऱ्या जॉर्जच्या कोणत्याही वंशजाने राजाच्या संमतीवाचून केलेला विवाह निरर्थक समजला जावा. संमती तोंडी चालत नसे. ती प्रिव्ही कौन्सिलमध्ये जाहीर होऊन तिच्यावर राज्याच्या महामुद्रेचे शिक्कामोर्तब व्हावे लागे. पंचविशी उलटलेल्याला एक पळवाट होती: कौन्सिलला नोटीस देऊन बारा महिने थांबावे, आणि तेवढ्यात पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी नापसंती व्यक्त केली नाही, तर लग्न करावे. अशा निषिद्ध विवाहास साहाय्य करणाऱ्यासाठी शिक्षेची तरतूद तिसऱ्या कलमात होती.

कायदा झाला तेव्हा राजाच्या पंधरा अपत्यांपैकी आठ जन्मली होती आणि थोरला अवघा नऊ वर्षांचा होता. भावावरच्या रागातून उगारलेली ही काठी पुढे मुलांच्या पाठीत बसली. थोरल्याने १७८५ मध्ये मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी केलेले लग्न कायद्याच्या लेखी झालेच नाही, आणि म्हणूनच १७९५ मध्ये, कर्जात आकंठ बुडाला असता, तो ब्रन्सविकच्या कॅरोलाइनशी पुन्हा बोहल्यावर उभा राहू शकला. राजकन्यांची कथा याहून करुण आहे. सहांपैकी तिघींचीच लग्ने झाली, ती वयाच्या तिसाव्या, चाळिसाव्या आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी. धाकटी अमेलिया राजाच्या पदरच्या चार्ल्स फिट्झरॉय या अधिकाऱ्यावर जीव जडवून १८१० मध्ये अविवाहितच वारली.

परंतु मला खिळवून ठेवले ते सहाव्या पुत्राने, ऑगस्टसने. विशीतल्या या राजपुत्राने एप्रिल १७९३ मध्ये रोम येथे लेडी ऑगस्टा मरे हिच्याशी लग्न केले, आणि त्या विवाहाविषयी शंका राहू नये म्हणून त्याच डिसेंबरात लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअरमधील चर्चमध्ये, आपल्या उपाध्या गाळून, सामान्य माणसासारखे ते पुन्हा लावून घेतले. दोनदा लागलेले हे लग्न १७९४ मध्ये धर्मन्यायालयाने रद्द ठरविले. पुढे ड्यूक ऑफ ससेक्स झालेला हा गृहस्थ १८४३ मध्ये निवर्तल्यावर त्याच्या पुत्राने वडिलांच्या पदवीवर दावा लावला, तेव्हा लॉर्डांच्या सभागृहाने १८४४ मध्ये निवाडा दिला की हा कायदा राजवंशजाच्या पाठोपाठ परमुलखातही जातो, आणि म्हणून रोमचे लग्नही फोलच. गंमत अशी, की १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या विवाहात पितृस्थानी उभे राहून वधूला हाती धरून नेण्याचा मान याच काकांना लाभला. त्यांचा स्वतःचा १८३१ चा दुसरा विवाहही राजसंमतीवाचूनच झालेला होता.

वंश निष्कलंक राहावा म्हणून योजलेल्या या बंदोबस्ताचे फळ १८१७ मध्ये हाती आले. थोरल्या मुलाची एकुलती एक कन्या शार्लट त्या नोव्हेंबरात बाळंतपणात मरण पावली, आणि पंधरा अपत्यांच्या त्या राजाला औरस असे एकही नातवंड जिवंत उरले नाही. तिसरा पुत्र विल्यम याला डोरोथिया जॉर्डन या अभिनेत्रीपासून दहा मुले होती, पण गादीच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य. मग १८१८ मध्ये प्रौढ राजपुत्रांची जर्मन राजकन्यांशी भराभर लग्ने उरकण्यात आली. त्यांपैकी चौथ्या पुत्राच्या, एडवर्डच्या पोटी १८१९ मध्ये व्हिक्टोरिया जन्मली, जिचे नाव पुढे आमच्या बोरीबंदरच्या स्थानकाला शतकाहून अधिक काळ चिकटून होते.

हा कायदा २०१३ च्या वारसा कायद्याने रद्द होऊन २६ मार्च २०१५ पासून इतिहासजमा झाला, असे सांगून लेख आटोपता आला असता; पण नव्या व्यवस्थेनेही मला स्वस्थता दिली नाही. आता वारसाक्रमातील पहिल्या सहा जणांनाच संमती लागते, आणि ती न घेतल्यास विवाह अबाधित राहून केवळ गादीवरचा त्या व्यक्तीचा व तिच्या त्या विवाहातील वंशजांचा हक्क जातो. जुन्या कायद्याने बाद ठरलेली काही लग्नेही पूर्वलक्षी प्रभावाने वैध मानली गेली, मात्र अनेक अटींवर. त्यांतली एक अशी, की वधूवरांपैकी कोणीही त्या वेळी पहिल्या सहांत नसावे. बिचारा ऑगस्टस १७९३ मध्ये नेमका सहावाच होता!

सहा या आकड्यात मला तत्त्व काही दिसत नाही. तो आकडा व्यक्तीला चिकटत नाही, जन्ममृत्यूंबरोबर सरकत राहतो. २०१८ च्या वसंतात राजपुत्र हॅरीला संमती घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याची चुलत बहीण युजिनी हिला ती लागली नाही, कारण ती नवव्या स्थानी होती. आजच्या क्रमात हॅरीचा मुलगा आर्ची सहावा आणि त्याची धाकटी बहीण लिलिबेट सातवी आहे. म्हणजे एकाच घरातील भावाला राजाज्ञा हवी, बहिणीला नको. आणि आजचा क्रम असाच राहून त्यांचे काका विल्यम गादीवर बसले, तर दुसऱ्याच क्षणी ती बहीणही सहावी होऊन त्या बंधनात सापडेल.