परमुलखातला रेडिओ

माणूस देश सोडून दूर जातो तेव्हा कपडे, भांडी, देवाची तसबीर, लोणच्याची बरणी असे पुष्कळ सामान बरोबर नेतो. परंतु ऐकण्याची सवय कोणत्याही ट्रंकेत भरून नेता येत नाही. सकाळच्या बातम्यांचा ओळखीचा आवाज, शेजारच्या घरातून येणारे गाणे, आपल्या भाषेतील उगाचच चाललेली बडबड या गोष्टी मागे राहतात. परक्या मुलखात पोट भरले तरी कान उपाशी राहतात, असे म्हटले तर ते वावगे होऊ नये.

विसाव्या शतकात ही उपासमार ज्यांना मोठ्या संख्येने सोसावी लागली, त्यांत इंग्रजी बोलणारे लोक होते. साम्राज्याचे अधिकारी, मळेवाले, धर्मोपदेशक, व्यापारी आणि दोन महायुद्धांनंतर जगभर पसरलेले सैनिक यांना आपल्या भाषेतील रेडिओ आणि आपल्या आवडीचे संगीत हवे होते. त्यांच्यासाठी काय काय करण्यात आले आणि त्यातून कोणाचे भले झाले, याची हकिकत मोठी उद्बोधक आहे.

प्रथम थोडे शास्त्र पाहू. रेडिओची मध्यमलहरी दिवसा जमिनीच्या आधाराने काही अंतर जाते आणि क्षीण होते. लघुलहरीची चाल निराळी. आपल्या डोक्यावर सुमारे शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांमुळे विद्युत्भारित झालेले हवेचे थर आहेत. त्यांना आयनांबर म्हणतात. लघुलहरी या थरांवर जाऊन आदळते आणि चेंडूसारखी परत जमिनीवर येते. अशा एका उडीत ती तीन-चार हजार किलोमीटर जाऊ शकते, आणि दोन-चार उड्यांत समुद्र ओलांडते. मात्र हे छत रोज बदलते. दिवसा ऊन तापले की खालचा थर कमी कंप्रतेच्या लहरी शोषून टाकतो, म्हणून दिवसा वरच्या कंप्रता चालतात. रात्री तो थर विरतो आणि खालच्या कंप्रता दूरवर पोहोचतात. जुने श्रोते दिवसा १६ आणि १९ मीटरच्या पट्ट्यावर काटा फिरवत आणि रात्री ४१ आणि ४९ मीटरवर, त्याचे कारण हेच. रात्री मध्यमलहरीसुद्धा शेकडो किलोमीटर ओलांडून जाते. परदेशात आपले केंद्र शोधणे म्हणजे सूर्याचे वेळापत्रक पाठ करणे होते.

दूर गेलेल्या आपल्या माणसांना हाक मारण्याचा हा मार्ग डच लोकांनी लवकर ओळखला. १९२७ साली फिलिप्स कंपनीने हॉलंडमधील आयंडहोवन येथून जावा-सुमात्राकडील डच वसाहतींत आवाज पोहोचवला. ब्रिटिशांची 'एम्पायर सर्व्हिस' १९ डिसेंबर १९३२ रोजी सुरू झाली. त्याच वर्षीच्या नाताळात पंचम जॉर्ज यांचे भाषण साम्राज्यभर ऐकू गेले. ते लिहून देणारे लेखक होते रडयार्ड किपलिंग. हीच सेवा पुढे १९६५ साली 'वर्ल्ड सर्व्हिस' झाली. मूळ हेतू साधा होता. आफ्रिकेच्या किंवा मलायाच्या एकाकी बंगल्यात बसलेल्या इंग्रजाला लंडनच्या घड्याळाचे ठोके ऐकू यावेत, एवढाच.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न अधिक तातडीचा झाला. लक्षावधी तरुण अमेरिकन सैनिक इंग्लंडमध्ये येऊन राहिले. भाषा एकच, पण बीबीसीच्या गंभीर कार्यक्रमांत त्यांचे मन रमेना. म्हणून ४ जुलै १९४३ रोजी लंडनमध्ये 'अमेरिकन फोर्सेस नेटवर्क' हे सैनिकांचे केंद्र सुरू झाले. बीबीसीला भय वाटले की आपले श्रोते तिकडे जातील. त्यामुळे या केंद्राच्या प्रक्षेपकांना अवघ्या ५० वॅटची मर्यादा घालण्यात आली आणि त्यांना लंडनबाहेरच्या छावण्यांपुरते ठेवण्यात आले. परंतु छावणीला कुंपण असते, लहरीला नसते. जवळपासच्या इंग्रज घरांतून लोक ते कार्यक्रम आवडीने ऐकू लागले. युद्धानंतर हेच केंद्र जर्मनीत गेले आणि तिथल्या तरुणांनी त्यावर जॅझ ऐकले. जपानमध्ये अमेरिकन सैन्याचे जे केंद्र १९४५ पासून बोलू लागले व पुढे 'फार ईस्ट नेटवर्क' या नावाने ओळखले गेले, त्यावर जपानी संगीतकारांची एक पिढी वाढली. सैनिकाला घरची आठवण म्हणून लावलेले गाणे कुंपणापलीकडच्या मुलाला नवे जग म्हणून ऐकू आले.

घरच्या रेडिओवर चांगले गाणे न मिळाल्याने परदेशी केंद्राकडे वळावे लागणे, हा प्रकार खुद्द ब्रिटनमध्येही घडला. संगीतकारांच्या संघटना आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला रोज ठराविक तासच ध्वनिमुद्रिका वाजवता येत. लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशातील केंद्राला हे बंधन नव्हते. त्याचा इंग्रजी कार्यक्रम १९३३ पासून होता. युद्धानंतर तो मध्यमलहरीच्या २०८ मीटरवर आला. ही मध्यमलहरी असल्यामुळे अंधार पडल्यावरच ती ब्रिटनमध्ये नीट लागे, आणि तीही मधूनमधून बुडत, वर येत. तरीही तेथील मुले पांघरुणात ट्रान्झिस्टर घेऊन ती ऐकत. १९६४ पासून समुद्रात जहाजे उभी करून त्यांवरून गाणी वाजवणारी विनापरवाना केंद्रे निघाली. शेवटी १९६७ साली बीबीसीने तरुणांसाठी 'रेडिओ वन' काढला. घरात न मिळणारी वस्तू शेजाऱ्याकडे मिळू लागली म्हणजे घरच्यांनाही जाग येते, ती अशी.

आपल्याकडे याच कथेचा एक अध्याय घडला आहे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे मुख्यालय सिलोनमध्ये होते, आणि त्या सैनिकांसाठी तेथून 'रेडिओ सिॲक' हे इंग्रजी केंद्र चालत असे. घरापासून दूर पडलेल्या गोऱ्या सैनिकांच्या करमणुकीसाठी उभारलेला तेथील शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर 'रेडिओ सिलोन'कडे आला. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर हे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत, त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून तो आवाज समुद्रावरून पुन्हा आपल्या ओसरीवर येई. आपले गाणे ऐकण्यासाठी आपल्याला परदेशी केंद्र लावावे लागले! अखेर १९५७ साली आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली. सिलोनचा तो प्रक्षेपक उभारणाऱ्यांच्या मनात विदर्भातला किंवा कोकणातला श्रोता कधी आला असेल, असे वाटत नाही.

या साऱ्यांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण विलिस कोनोव्हर यांचे आहे. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर १९५५ पासून १९९६ साली मृत्यू येईपर्यंत ते जॅझ संगीताचा कार्यक्रम सादर करीत. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची धून वाजे, आणि मग खोल, सावकाश, शब्दन्‌शब्द सुटा करणारा त्यांचा आवाज येई. सोव्हिएत राजवट अमेरिकेचे रशियन भाषेतील कार्यक्रम गोंगाट करून बुजवून टाकी, पण इंग्रजी कार्यक्रमांना सहसा हात लावीत नसे. त्यामुळे मॉस्को, वॉर्सा, प्राग येथील तरुणांच्या कानी एकाच वेळी दोन गोष्टी पडल्या : उत्तम संगीत आणि समजेल असे इंग्रजी. १९५९ साली कोनोव्हर पोलंडला गेले तेव्हा विमानतळावर त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली होती. स्वदेशात मात्र त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. परदेशांसाठी केलेले हे कार्यक्रम अमेरिकेत प्रसारित करण्यास १९४८ च्या एका कायद्याने मनाई होती.

याच केंद्राने १९५९ साली 'स्पेशल इंग्लिश' हा प्रकार सुरू केला. सुमारे दीड हजार शब्दांचाच संग्रह, लहान वाक्ये आणि नेहमीपेक्षा सावकाश वाचन, हे त्याचे तीन नियम. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, ज्यांनी ही भाषा फळ्यावर पाहिली पण कानाने फारशी ऐकली नाही, त्यांना याचे मोल निराळे सांगायला नको. माझ्यासारखे, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेले विद्यार्थी आपल्या वर्गातही पुष्कळ आहेत. व्याकरण पुस्तकातून येते. पण शब्दावर आघात कोठे द्यावा, वाक्य कोठे मोडावे, हे ऐकल्यावाचून येत नाही. परदेशातल्या एकाकी माणसाचा विरंगुळा आणि खेड्यातल्या विद्यार्थ्याची शिकवणी या दोन्ही गोष्टी एकाच लहरीवरून होत होत्या, आणि दोघांपैकी कोणालाही त्यासाठी परवानगी मागावी लागत नव्हती.

आता हे सारे बदलले आहे. लक्झेंबर्गचा मध्यमलहरीवरील इंग्रजी कार्यक्रम १९९१ च्या अखेरीस संपला. २००१ साली बीबीसीने उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्यासाठीचे इंग्रजी लघुलहरी प्रक्षेपण थांबवले. २०१७ साली 'रेडिओ ऑस्ट्रेलिया'ने आणि २०२० साली बीबीसीच्या हिंदी विभागाने लघुलहरीचा निरोप घेतला. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशाने 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ची बहुतेक प्रक्षेपणे एकाएकी थांबली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

यावर कोणी म्हणेल, इंटरनेट आल्यावर लघुलहरी हवी कशाला? म्हणणे बरेचसे खरे आहे. २०१६ साली नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या 'रेडिओ गार्डन'वर पृथ्वीचा गोल बोटाने फिरवावा आणि कोणत्याही गावाचे केंद्र लावावे. न्यू जर्सीतील 'डब्ल्यूएफएमयू' हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे केंद्र किंवा सिएटलमधील 'केईएक्सपी' कोठूनही ऐकता येते, आणि आवाज स्वच्छ येतो. जुन्या श्रोत्याला जे रात्री जागून मिळत असे ते आज एका स्पर्शात मिळते.

परंतु एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. लघुलहरी ऐकणारा कोण, कोठला, हे पाठवणाऱ्याला कळत नसे. इंटरनेटवर श्रोत्याचा देश आधी विचारला जातो आणि मग दार उघडते किंवा बंद होते. गाण्यांचे हक्क देशवार विकलेले असल्याने एका देशात वाजणारा कार्यक्रम दुसऱ्या देशात मुका होतो. बीबीसीने आपले 'साउंड्स' हे ॲप २०२५ साली परदेशी श्रोत्यांसाठी बंद केले, तेव्हा परदेशी राहणाऱ्या इंग्रजांनाच त्याची झळ लागली. शिवाय जी तार देशात येते ती राज्यकर्त्याला कापताही येते. युक्रेनवर युद्ध लोटल्यावर २०२२ च्या मार्चमध्ये बीबीसीने अडगळीत टाकलेली लघुलहरी पुन्हा बाहेर काढली. युक्रेन आणि रशियाचा काही भाग यांच्यासाठी रोज चार तास इंग्रजी बातम्या सुरू झाल्या : दुपारनंतर १५७३५ किलोहर्ट्झवर आणि रात्री ५८७५ वर. दिवसा वरची कंप्रता, रात्री खालची. सूर्याचे वेळापत्रक नव्वद वर्षांत बदललेले नाही.

आपल्यापैकी काहीजण उद्या शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जातील. त्यांनी आकाशवाणीचे मराठी केंद्र मोबाइलवर जरूर लावावे. कानांना घर हवेच असते. पण ज्या गावी जाऊ तेथला रेडिओही ऐकावा. फ्रान्समध्ये १९७१ पासून 'फिप' नावाचे केंद्र आहे. त्यावर बोलणे थोडे आणि संगीत फार, तेही जगातल्या सर्व प्रकारचे. फ्रेंचचा एक शब्द न कळणाऱ्यालाही ते परके वाटू नये. बर्लिनच्या, टोकियोच्या, मॉस्कोच्या आणि आपल्या खेड्यांतल्या श्रोत्यांनी वेगळे काय केले? जे त्यांच्यासाठी नव्हते ते त्यांनी मन लावून ऐकले, आणि ऐकता ऐकता ते त्यांचे झाले.