एडिटिंग शिकायला हजारोंचा कोर्स कशाला? सॉफ्टवेअर फुकट, पुस्तकं फुकट, मग घोडं अडतं कुठे?

२०२३ च्या ऑस्करमध्ये ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ या सिनेमाने सात पुरस्कार नेले. त्यात एडिटिंगचाही पुरस्कार होता. या सिनेमात व्हिज्युअल इफेक्टचे जवळपास ५०० शॉट आहेत आणि त्यातले बहुतेक जेमतेम पाच जणांनी केलेत. कुठल्या मोठ्या स्टुडिओतली माणसं नव्हती ती. बरंचसं काम इंटरनेटवरचे ट्युटोरियल बघून शिकलेली पोरं होती.

‘घरबसल्या एडिटर व्हा’ अशा जाहिराती करणाऱ्यांना हा किस्सा फार आवडतो. फक्त त्यातला अर्धा भाग ते गाळतात. सिनेमाचे दिग्दर्शक म्युझिक व्हिडिओ करत करत वर आलेले होते आणि त्यांच्याभोवतीची मंडळीही अशीच, छोटी छोटी कामं करून हात बसवलेली. म्हणजे ट्युटोरियल होतेच, पण शिकलेलं लावून बघायला हातात काम होतं. एडिटिंग शिकणाऱ्या बहुतेकांचं गाडं नेमकं इथेच रुततं. माहिती ढीगभर मिळते, कापायला काही मिळत नाही.

आधी जे सहज मिळतं ते बघू.

व्यावसायिक दर्जाचं सॉफ्टवेअर आज फुकट आहे. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ मुळात सिनेमाचे रंग सुधारण्याची यंत्रणा होती आणि ती विकत घ्यायची तर लाखो डॉलर मोजावे लागायचे. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती विकत घेतली आणि २०११ मध्ये तिची फुकट आवृत्ती बाजारात आणली. आज त्या फुकट आवृत्तीत कापाकापी, इफेक्ट, कलर ग्रेडिंग आणि साउंड हे सगळं एकाच ठिकाणी होतं. फोर-के टीव्हीवर चालेल इतक्या दर्जाचा व्हिडिओ बाहेर काढता येतो. काही प्रगत इफेक्ट वापरले तर मात्र चित्रावर कंपनीचा शिक्का उमटतो. तेवढे टाळले की झालं.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. याच कंपनीच्या वेबसाइटवर ट्रेनिंग नावाचं पान आहे. नवशिक्यांसाठी, एडिटिंगसाठी, कलरसाठी, साउंडसाठी अशी वेगवेगळी जाडजूड पुस्तकं तिथे पीडीएफमध्ये फुकट मिळतात. सोबत सरावासाठी खरं फुटेजही मिळतं. धडा वाचायचा, तेच फुटेज उघडायचं आणि करून बघायचं. इंग्रजी सोपं आहे. दहा-दहा मिनिटांचे पन्नास व्हिडिओ बघण्यापेक्षा यातलं एक पुस्तक पूर्ण केलं तर जास्त हाती लागतं, कारण व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि हात मात्र रिकामा राहतो.

अडचण एकच, रिझॉल्व्हला दमदार कॉम्प्युटर लागतो. १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असेल तर बरं. जुना लॅपटॉप असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही हलकी आणि फुकट सॉफ्टवेअर आहेत. फोनवरचं फुटेज अडखळत चालत असेल तर लगेच नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. फुटेजच्या छोट्या, हलक्या नकला बनवायच्या, त्यांच्यावर काम करायचं आणि शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना मूळ फाइल जोडायची. या नकलांना प्रॉक्सी म्हणतात. मोठ्या सिनेमांचं कामही असंच चालतं.

प्रीमियर शिकू की फायनल कट, या प्रश्नावर तर लोक महिने घालवतात. ‘पॅरासाइट’ हा कोरियन सिनेमा फायनल कट प्रो ७ वर एडिट झाला. कंपनीने ते सॉफ्टवेअर २०११ मध्येच बंद केलं होतं. सिनेमा आला २०१९ मध्ये, त्याला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि एडिटिंगचं नामांकनही. एकच काहीतरी निवडावं आणि त्याला चिकटून राहावं, यापलीकडे या प्रश्नात काही नाही.

मग कापायचं काय?

रशियन क्रांतीनंतर मॉस्कोत कच्च्या फिल्मचा प्रचंड तुटवडा होता. शूटिंग करायचं तर फिल्मच नाही. तेव्हा लेव्ह कुलेशोव्हच्या कार्यशाळेत विद्यार्थी आधीच बनलेले सिनेमे कापायचे आणि वेगळ्या क्रमाने जोडून बघायचे. कुलेशोव्हचा गाजलेला प्रयोग त्याच काळातला. एका नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून एकदा सुपाची वाटी, एकदा शवपेटी, एकदा सुंदर स्त्री. चेहरा तोच, पण बघणाऱ्याला त्यात कधी भूक दिसते, कधी दुःख, कधी अभिलाषा. आजच्या मोबाइलवर हा प्रयोग तासाभरात करून बघता येतो आणि प्रत्येक नवशिक्याने तो करावाच.

तुटवड्यावरचा तो उपाय आजही चालतो. इंटरनेट आर्काइव्हवर प्रेलिंगर संग्रह आहे. जुन्या अमेरिकी शैक्षणिक फिल्म, जाहिराती आणि प्रचारपट तिथे हजारोंनी आहेत आणि ते मोकळेपणाने वापरता येतात. दात घासायला शिकवणारी एखादी फिल्म घ्यायची आणि निव्वळ कापून तिची भयपटाची झलक बनवायची. यात जे शिकायला मिळतं ते कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नाही.

इफेक्ट आणि रंगाच्या सरावाला ‘टिअर्स ऑफ स्टील’ बघा. ब्लेंडर फाउंडेशनने २०१२ मध्ये बनवलेल्या या शॉर्टफिल्मच्या चित्रीकरणाच्या मूळ फ्रेम सगळ्यांसाठी खुल्या आहेत, हिरव्या पडद्यासमोरच्या शॉटसकट. वापरल्यावर श्रेय द्यायचं, एवढीच अट. संवादांच्या प्रसंगाचं कच्चं फुटेज हवं असेल तर एडिटस्टॉकसारख्या साइट ते विकतात. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे केलेले परवडले.

आणि सगळ्यात जवळचा साठा गावातच असतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या हार्ड डिस्क भरून वाहत असतात आणि सीझनमध्ये त्यांना मदतनीस हवाच असतो. (यजमानांची परवानगी मात्र घ्यावी. दुसऱ्याच्या हळदीवर प्रयोग करून परस्पर इन्स्टावर टाकणं बरं नव्हे.) चार तासांच्या फुटेजमधून नवरीच्या आईचा तो एक कटाक्ष शोधून काढणं, हे खरं संकलकाचं काम.

कट नेमका कुठे मारायचा, यावर वॉल्टर मर्च यांचं ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ हे छोटंसं पुस्तक जगभर वाचलं जातं. ‘द इंग्लिश पेशंट’साठी एडिटिंग आणि साउंड असे दोन्ही ऑस्कर मिळवलेला हा माणूस. चांगल्या कटचे सहा निकष त्यांनी मांडले आणि त्यांना चक्क टक्केवारी दिली. भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, आणि उरलेल्या १६ टक्क्यांत नजर, चौकट, जागा यांची सलगता. म्हणजे मागच्या शॉटमध्ये पेला डाव्या हातात होता आणि पुढच्यात उजव्या, ही चूक भावना अचूक पकडली असेल तर खपून जाते. यूट्यूबवरचे शिक्षक मात्र बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, ट्रान्झिशनपासून.

यूट्यूबवरच याला अपवाद आहेत. ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ चॅनलवर एडिटर विचार कसा करतो यावर एक व्हिडिओ आहे आणि जॅकी चॅनच्या मारामारीवर एक. दोन्ही बघावेत, आणि मग आवडत्या मराठी सिनेमातला एखादा प्रसंग आवाज बंद करून कट मोजत बघावा.

आवाजाकडे नवशिके सगळ्यात उशिरा वळतात. चित्र बदलायच्या आधीच पुढच्या शॉटचा आवाज सुरू करणं याला जे-कट म्हणतात, आणि चित्र बदलल्यावरही मागचा आवाज चालू ठेवणं म्हणजे एल-कट. एवढ्या दोन युक्त्यांनी हौशी वाटणारा संवाद एकदम सिनेमासारखा वाहू लागतो. भरीला आवाज हवेत तर फ्रीसाउंड आहे. बीबीसीच्या संग्रहातले ३३ हजारांहून अधिक आवाज शिकण्यासाठी फुकट आहेत, पण त्यातून कमाई करायची असेल तर वेगळा परवाना घ्यावा लागतो. फ्रीसाउंडवरही प्रत्येक आवाजाच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचून घ्याव्यात.

एवढं सगळं फुकट असताना पैसे कशाचे द्यायचे? तुमचा कट बघून ‘इथे तीन सेकंद जास्त आहेत’ असं सांगणाऱ्या माणसाचे. फुकटात सहसा न मिळणारी गोष्ट तेवढीच. म्हणून कोर्सला पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: सरावाला कच्चं फुटेज देणार का, आणि केलेलं काम स्वतः शिक्षक बघणार का. उत्तर ‘आमचे ८० तासांचे व्हिडिओ आयुष्यभर बघता येतील’ असं आलं, तर ते व्हिडिओ यूट्यूबवर आहेतच. पुण्याच्या एफटीआयआयमध्येही संकलनाच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाशिवाय २०१७ पासून छोटे अभ्यासक्रम सुरू झाले आहेत. फी आणि तारखा संस्थेच्या वेबसाइटवर बघाव्यात, आणि तिथेही हेच दोन प्रश्न विचारावेत.