कल्पना भरपूर, कथा तोकडी : 'अल्ट्राव्हायोलेट' आणि विज्ञानयुगातला व्हँपायर

'अल्ट्राव्हायोलेट' हा कर्ट विमर यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला विज्ञानपट ३ मार्च २००६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. मिला योवोविच त्याची नायिका होती. 'द फिफ्थ एलिमेंट' (१९९७) आणि 'रेसिडेंट एव्हिल' (२००२) या चित्रपटांमुळे विज्ञानपटांच्या प्रेक्षकाला ती चांगली परिचित होती. विमर यांच्या 'इक्विलिब्रियम' (२००२) या आधीच्या चित्रपटाला तिकीटबारीवर यश मिळाले नव्हते, पण गणिती अचूकतेने बंदूक चालवण्याच्या त्यातल्या 'गन काता' या युद्धकलेने त्याला निष्ठावंत चाहते मिळवून दिले होते. त्यामुळे नव्या चित्रपटाकडून अपेक्षा मोठ्या होत्या. त्या पुऱ्या झाल्या नाहीत. सुमारे तीन कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाची जगभरातली तिकीटविक्री जेमतेम त्या खर्चाएवढी झाली, आणि समीक्षकांनी त्याला जवळपास एकमुखाने नाकारले. तरीही विज्ञानकथेच्या अभ्यासकाने तो बारकाईने पाहावा असा आहे. एकेका कल्पनेवर स्वतंत्र चित्रपट उभा राहावा, अशा चार-पाच कल्पना त्यात आहेत आणि त्यांतली एकही शेवटास गेलेली नाही.

कथेचा सांगाडा

काळ एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. माणसाला अधिक बलवान आणि चपळ करण्याच्या लष्करी संशोधनातून एक विषाणू तयार होतो आणि प्रयोगशाळेबाहेर निसटतो. त्याची लागण झालेल्यांना 'हिमोफेज', म्हणजे रक्तभक्षक, म्हटले जाते. त्यांचे सुळे वाढतात, ताकद आणि वेग माणसाच्या कितीतरी पुढे जातो, आयुष्य मात्र थोड्या वर्षांचेच उरते. निरोगी समाजाचे रक्षण करण्याच्या नावाखाली सत्ता हाती घेतलेले एक वैद्यकीय-धार्मिक शासन या बाधितांना वेचून मारत असते. फर्डिनांड डॅक्सस (निक चिनलंड) हा त्या शासनाचा प्रमुख.

व्हायोलेट ही बाधित स्त्री. लागण झाली तेव्हा ती गरोदर होती. पती आणि पोटातले मूल दोन्ही गमावल्यावर ती बंडखोरांना मिळते. बाधितांचा समूळ नाश करणारे अस्त्र सरकारी प्रयोगशाळेतून पळवून आणण्याची कामगिरी तिच्यावर येते. ते अस्त्र ठेवलेली पेटी ती उघडते, तेव्हा आत असतो सिक्स नावाचा एक लहान मुलगा (कॅमेरॉन ब्राइट); अस्त्र त्याच्या रक्तातच असल्याचे मानले जाते. त्याला मारू पाहणारे बंडखोर आणि परत मिळवू पाहणारे सरकार, या दोघांपासून ती त्याला वाचवू लागते. जॉन कॅसावेट्स यांच्या 'ग्लोरिया' (१९८०) या चित्रपटातली नायिकाही गुन्हेगारांच्या टोळीपासून एका अनाथ मुलाला असेच वाचवते. आपल्या कथेची प्रेरणा तिथली असल्याचे विमर यांनी सांगितले आहे.

पिशाच्चाचा रुग्ण होतो

युरोपीय साहित्यातला व्हँपायर जॉन पोलिडोरी यांच्या 'द व्हँपायर' (१८१९) या कथेतून प्रतिष्ठित झाला आणि ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीने त्याला कायमचा चेहरा दिला. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही वावरू शकतो. सूर्यप्रकाशाने व्हँपायर नष्ट होतो ही समजूत रूढ केली ती 'नोस्फेरातू' (१९२२) या जर्मन मूकपटाने. मराठीत नारायण धारप यांनी 'लुचाई' या कादंबरीतून स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'मधला हा रक्तपिपासू आपल्या मातीत आणला.

या पिशाच्चाला विज्ञानाच्या कक्षेत खेचून आणण्याचे मोठे काम रिचर्ड मॅथिसन यांच्या 'आय ॲम लेजंड' (१९५४) या कादंबरीने केले. तिचा नायक रॉबर्ट नेव्हिल व्हँपायरांच्या जगात एकटा उरलेला आहे. तो ग्रंथालयातून पुस्तके आणतो, सूक्ष्मदर्शक मिळवतो आणि रक्ताच्या नमुन्यात रोगाचा जीवाणू शोधून काढतो. लसूण, सूर्यप्रकाश, छातीत ठोकलेली खुंटी या प्रत्येक लोकसमजुतीला तो शारीरिक किंवा मानसिक कारण शोधतो. शाप गेला आणि साथ आली. ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीवरील १९९८ च्या मालिकेने हीच दिशा धरली. तिचे नावही 'अल्ट्राव्हायोलेट'च होते, पण विमर यांच्या चित्रपटाशी तिचा संबंध नाही. तिच्यातले व्हँपायर आरशात दिसत नाहीत, तसेच व्हिडिओवरही उमटत नाहीत आणि दूरध्वनीवरून त्यांचा आवाज जात नाही. जुन्या नियमाचा आधुनिक यंत्रांपर्यंत केलेला हा विस्तार शिस्तशीर विज्ञानकथेचा उत्तम नमुना आहे.

वैद्यकानेही या समजुतींचा माग काढला आहे. स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञ हुआन गोमेझ-अलोन्सो यांनी १९९८ मध्ये रेबीज आणि व्हँपायरकथांतले साम्य दाखवले. चावण्यातून होणारा प्रसार, झोप उडणे, तीव्र वास आणि प्रकाश सहन न होणे ही लक्षणे दोन्हीकडे आढळतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व युरोपात व्हँपायरच्या वार्तांचे पेव फुटले, त्याच सुमारास हंगेरीत रेबीजची मोठी साथ होती.

विषाणू : किती शक्य, किती अशक्य

'हिमोफेज' या नावाला वैद्यकीय आधार आहे. शरीरातल्या भक्षक पेशी बेभान होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात, अशा जीवघेण्या विकाराला 'हिमोफॅगोसायटिक' म्हणतात, आणि एपस्टाइन-बार यांसारखा विषाणू त्याला निमित्त होऊ शकतो. विषाणूने शरीर बदलावे ही कल्पनाही निराधार नाही. जनुकोपचारात, रोगकारक अंश काढून टाकलेले विषाणू हवे ते जनुक पेशींत पोचवतात. अमेरिकेत १९९० मध्ये असे उपचार सुरू झाले. १९९९ मध्ये अशाच चाचणीत एका १८ वर्षांच्या तरुणाचा प्रतिकारशक्तीच्या तीव्र उसळीने मृत्यू झाला आणि या वाहनाचा धोका जगासमोर आला. स्नायूंची वाढ रोखणारे मायोस्टॅटिन हे प्रथिन १९९७ मध्ये उंदरांत ओळखले गेले. ते काम करत नसेल तर स्नायू दुपटीहून अधिक भरतात. बेल्जियन ब्लू या गायींच्या जातीत हा बदल निसर्गतःच आढळतो.

रक्तावर जगणे मात्र माणसाच्या शरीराला झेपणारे नाही. रक्तात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि उरलेला भाग बहुतांश प्रथिनांचा. १०० मिलिलिटर रक्तात साधारण १५ ग्रॅम हिमोग्लोबिन आणि त्याच्या दर ग्रॅममध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह धरले, तर एक लिटर रक्तातून सुमारे ५०० मिलिग्रॅम लोह पोटात जाईल. माणसाची रोजची गरज १० ते २० मिलिग्रॅमच्या आसपास आहे आणि जादा लोह बाहेर टाकण्याची खास यंत्रणा शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साचते. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली रक्तपायी वटवाघळे यासाठी फार वेगळी घडली आहेत. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, त्याला संशोधकांनी 'ड्रॅक्युलिन' असेच नाव दिले आहे. त्यांची मूत्रपिंडे जेवण चालू असतानाच जादा पाणी बाहेर टाकू लागतात.

चित्रपट या कशातही शिरत नाही. रक्तपिपासा हा व्हँपायरकथेचा प्राण. इथे मात्र सुळे आणि नाव वगळता तिला जवळजवळ स्थान नाही. बाधितांचे अल्पायुष्य ही कल्पना त्याहून समर्थ होती. वाढलेल्या शक्तीची किंमत आयुष्याने मोजावी लागते, म्हणजे प्रत्येक लढाईत काही गमावले जाते. पण पडद्यावर व्हायोलेटची शक्ती ओसरताना क्वचितच जाणवते.

सपाट अवकाशातले शस्त्रागार

सर्वांत आकर्षक कल्पना म्हणजे 'फ्लॅट स्पेस', सपाट अवकाश. व्हायोलेटच्या मनगटावरच्या पट्ट्यात असंख्य बंदुका आणि तलवारी घडी घालून ठेवलेल्या असतात. हात झटकला की शस्त्र प्रकट होते, काम झाले की अदृश्य. ज्या पेटीत सिक्सला ठेवलेले असते, तीही याच तंत्राची.

ज्ञात तीन मितींपलीकडे आणखी मिती असू शकते, हा विचार भौतिकीत शंभर वर्षांपूर्वीच आला. थिओडोर कालुझा यांनी १९२१ मध्ये जादा मिती गृहीत धरून गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकत्र बांधण्याचा प्रयत्न केला. ऑस्कर क्लाइन यांनी १९२६ मध्ये सुचवले, की ही मिती अतिसूक्ष्म वलयात गुंडाळलेली असेल, म्हणून ती दिसत नाही. मात्र असे वलय अणुकेंद्रकापेक्षाही कल्पनातीत लहान आहे. त्यात बंदूक मावत नाही.

मावली असती तरी वजनाचा प्रश्न उरतो. वस्तू घडीत गेली म्हणून तिचे वस्तुमान नाहीसे होत नाही. एकेक किलोची ३० पिस्तुले त्या पट्ट्यात असतील तर मनगटावर ३० किलोंचा भार पडायला हवा. भार जाणवत नसेल, तर गुरुत्वाकर्षणही त्या घडीत पोचत नाही असे मानावे लागेल, आणि मग भौतिकीचे सगळेच नियम नव्याने मांडावे लागतील. समाजावरचा परिणाम तर याहून मोठा. गोदामे, मालवाहू जहाजे, घरांचे आकार, तस्करी, युद्ध यांतले काहीही पूर्वीसारखे राहणार नाही. चित्रपटात या शोधाचा उपयोग जवळपास शस्त्रे बाहेर काढण्यापुरताच उरतो.

भिंतीवरून धावणारी मोटरसायकल

दुसरे साधन गुरुत्वाकर्षणाची दिशा वळवणारे. ते वापरून व्हायोलेट छतावर उलटी उभी राहते आणि उंच इमारतींच्या उभ्या भिंतींवरून मोटरसायकल पळवते. यातले गणित साधे आहे. पृथ्वीचा ओढा दर सेकंदाला सेकंदास ९.८ मीटर. भिंतीलाच जमीन करायचे, तर हा खालचा ओढा पुसून तेवढाच आडवा ओढा निर्माण करावा लागेल. दोन्ही मिळून तिरक्या दिशेने सुमारे १३.९ मीटरचे त्वरण लागेल. छतावर उभे राहण्यासाठी पृथ्वीच्या ओढ्याच्या दुप्पट, म्हणजे १९.६ मीटरचे त्वरण लागेल. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी छतावरचे हे बल सुमारे १,१७६ न्यूटन होते. ते शरीराच्या प्रत्येक कणावर सारखेच लागले पाहिजे, नाहीतर रक्त एकीकडे आणि हाडे दुसरीकडे ओढली जातील. असे क्षेत्र निर्माण करण्याची रीत आज कुणालाही ठाऊक नाही. तरीही दृश्यकल्पना म्हणून ती ताकदीची आहे, कारण नायिकेची 'खालची' दिशा आणि पाठलाग करणाऱ्यांची 'खालची' दिशा वेगवेगळी होते. या विसंगतीतून डावपेच निर्माण झाले असते. तसे प्रसंग फारसे येत नाहीत.

कागदी फोन आणि निर्जंतुक शासन

चित्रपटाचे लहान तपशील मोठ्या यंत्रांपेक्षा अधिक विश्वसनीय आहेत. त्यात एकदाच वापरून टाकायचा, कागदावर छापून मिळणारा फोन आहे. अशा कागदी फोनाचे पेटंट अमेरिकेत १९९९ मध्ये रँडी आल्टशुल यांना मिळाले होते आणि इलेक्ट्रॉनिक शाईच्या पडद्याचे पहिले वाचनयंत्र सोनीने २००४ मध्ये जपानात विक्रीला आणले होते. व्हायोलेटचे केस आणि कपडे क्षणात रंग बदलतात.

या जगाचे शासनही लक्षपूर्वक रचलेले आहे. डॅक्सस नाकात गाळण्या घालून वावरतो आणि त्याचे पिस्तूल शस्त्रक्रियेच्या उपकरणाप्रमाणे सीलबंद, निर्जंतुक वेष्टनातून येते. संसर्गाची भीती हेच सत्तेचे भांडवल बनलेले आहे, हे असे एक वेष्टन फाडताना कळते. चित्रीकरण २००४ मध्ये शांघाय आणि हाँगकाँगमध्ये झाले, आदल्याच वर्षी या भागाने सार्सची साथ अनुभवली होती. पुढे उघड होते, की सिक्सच्या रक्तातला धोका बाधितांना नसून सामान्य माणसांना आहे. साथ पसरवायची, मग रोजच्या औषधासाठी जनतेला कायमचे मिंधे करायचे, असा डॅक्ससचा डाव असतो. हा राजकीय विचार चित्रपटाचा कणा व्हायला हवा होता. तो अखेरच्या टप्प्यात घाईने उरकला जातो.

अपयशाची कारणे

पहिले कारण संकलनाचे. दिग्दर्शकाची मूळ आवृत्ती सुमारे दोन तासांची होती. स्टुडिओने ती ८८ मिनिटांवर आणली. कात्री पात्रांवर आणि भावनांवर चालली, हाणामाऱ्या शाबूत राहिल्या. व्हायोलेट आणि सिक्स यांचे नाते, ज्यासाठी ही कथा लिहिली गेली, त्याला उमलायला वेळच मिळत नाही.

दुसरे कारण दृश्यरूपाचे. चित्रपट डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि कॉमिक्सचा भास व्हावा म्हणून चेहरे, कपडे, भिंती संगणकाने गुळगुळीत करण्यात आल्या. चेहऱ्यावरच्या सूक्ष्म छटा त्यात पुसल्या गेल्या. तुटपुंज्या खर्चातली संगणकीय दृश्येही खटकतात.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. नायिका हरू शकते असे कधीच वाटत नाही. डझनावारी सैनिक तिला घेरतात आणि काही क्षणांत कोसळतात. अंधारात पेटत्या तलवारींनी होणारी शेवटची झुंज देखणी आहे, पण तोवर जय-पराजयाची उत्कंठा उरलेली नसते.

स्पिअरिग बंधूंच्या 'डेब्रेकर्स' (२००९) या चित्रपटाशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. तिथे एकच गृहीतक आहे : बहुसंख्य माणसे व्हँपायर झाली आहेत आणि मानवी रक्त संपत आले आहे. त्यातून मग कॉफीत मिसळून विकले जाणारे रक्त, दिवसा चालवता येतील अशा झाकलेल्या काचांच्या मोटारी, भुयारी पदपथ, रक्ताचा पुरवठा ताब्यात ठेवणारी कंपनी आणि उपासमारीने विद्रूप होणारे गरीब असे सारे जग ओघाने उभे राहते. नायक रक्ततज्ज्ञ आहे आणि कृत्रिम रक्त शोधणे हे त्याचे काम आहे. तंत्र, अर्थकारण आणि नीती यांची सांगड तिथे बसते.

'अल्ट्राव्हायोलेट'चे नाव पुढे 'अल्ट्राव्हायोलेट : कोड ०४४' (२००८) या ओसामु देझाकी दिग्दर्शित जपानी ॲनिमेशन मालिकेच्या रूपाने टिकले. मूळ चित्रपट मात्र कल्पनांची यादी होऊन राहिला. विज्ञानकथेत कल्पना अशक्य असली तरी चालते. तिचे नियम ठरलेले असावे लागतात, तिची किंमत कुणीतरी मोजावी लागते आणि तिच्यामुळे बदललेले जग दिसावे लागते. या तीन कसोट्यांवर 'अल्ट्राव्हायोलेट' उतरत नाही. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांनी तो एकदा जरूर पाहावा आणि त्यातली कोणतीही एकच कल्पना उचलून तिचा शेवटपर्यंत विचार करावा.