फोनला बटणे जोडणारा सर्किट बोर्ड

आता बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्मार्टफोनला बटणे नाहीत. काचेवर बोट टेकवून लिहावे लागते. तरुणांना त्याची सवय झाली. पण ज्यांची नजर कमी झाली आहे, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांची बोटे काम करून राठ झाली आहेत, त्यांना काचेवर नेमके अक्षर सापडत नाही. बटण निदान बोटाला लागते तरी!

ही अडचण ओळखून जगातील काही हौशी तंत्रज्ञ स्मार्टफोनच्या खालच्या बाजूला जोडता येईल असा छोटा कीबोर्ड घरच्या घरी तयार करतात. ‘फेअरबेरी’ हा त्यातलाच एक उपक्रम. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे. मोबाईल दुरुस्ती शिकणाऱ्या, आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना पुढची पायरी दिसावी, म्हणून आम्ही या कामाची माहिती येथे देत आहोत.

कीबोर्ड येतो जुन्या फोनमधून. कॅनडाच्या ब्लॅकबेरी कंपनीचा ३५ बटणांचा क्यू-१० हा फोन २०१३ साली आला. पुढे ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने आपल्या जुन्या प्रणालीवरील फोनच्या सेवा बंद केल्या. फोन मागे पडले, पण त्यांचे कीबोर्ड उत्तम राहिले. तेच सुटे करून वापरले जातात.

मात्र हा कीबोर्ड नव्या फोनला सरळ जोडता येत नाही. कीबोर्डमध्ये नुसती बटणे आणि त्यांच्या वाहिन्या असतात, तर फोनला यूएसबीची भाषा समजते. दोघांच्या मध्ये दुभाषा हवा. तो दुभाषा म्हणजे आपण तयार करायचा सर्किट बोर्ड.

३५ बटणांसाठी ३५ वाहिन्या लागत नाहीत. ७ आडव्या आणि ५ उभ्या अशा १२ पुरतात. चाळीत मजला आणि खोली क्रमांक सांगितला की घर सापडते, तसेच हे आहे. बोर्डवरील आयसी एकेका आडव्या वाहिनीला आळीपाळीने संकेत देते आणि तो कोणत्या उभ्या वाहिनीतून परत आला ते पाहते. त्यावरून कोणते बटण दाबले ते तिला कळते. या कामासाठी एटीमेगा ३२यू४ ही आयसी सोयीची आहे, कारण यूएसबीची सोय तिच्या आतच आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयसी फोनला अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवते. इंग्रजी ‘ए’च्या बटणाचा ठरलेला क्रमांक ४ आहे. त्या क्रमांकाचे कोणते अक्षर उमटवायचे ते फोन ठरवतो. म्हणून फोनमध्ये तशी मांडणी बसवल्यास याच बटणांवरून देवनागरीही लिहिता येते.

कीबोर्डला वीज फोनकडूनच मिळते. पण टाइप-सी जोडणीत सीसी नावाच्या वाहिनीवरून ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडावा लागतो. तो दिसला तरच फोन ५ व्होल्ट सोडतो. एवढा क्षुल्लक भाग विसरला, तर बाकी सारे बरोबर असूनही बोर्ड मेलेलाच राहतो.

बोर्ड आखण्यासाठी ‘कायकॅड’ हा संगणक प्रोग्राम मोफत मिळतो. १९९२ साली फ्रान्समध्ये त्याची सुरुवात झाली. त्यात दोन नकाशे काढायचे असतात. पहिल्यात कोणती पिन कोणत्या पिनला जोडायची ते दाखवायचे. दुसऱ्यात प्रत्येक भाग बोर्डवर कुठे बसेल आणि तांब्याचे ट्रॅक कुठून जातील ते आखायचे. रोजकीर्द आणि खतावणी जशी जुळली पाहिजे, तसे हे दोन्ही नकाशे जुळले पाहिजेत. ही ताळेबंदी प्रोग्राम स्वतः करून देतो आणि चूक असेल तेथे खूण करतो.

तरीही काही गोष्टी माणसानेच पाहायच्या असतात. आयसीच्या वीज घेणाऱ्या प्रत्येक पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असावा. यूएसबीचे दोन डेटा ट्रॅक आखूड आणि शेजारी शेजारी असावेत. फोनला जाड बोर्ड अवजड होतो, म्हणून नेहमीच्या १.६ ऐवजी ०.८ मिलिमीटर जाडी घ्यावी.

सर्वांत नाजूक भाग कीबोर्डच्या कनेक्टरचा. जपानच्या हिरोसे कंपनीच्या या कनेक्टरला २४ पिना असून दोन पिनांमधील अंतर अवघे ०.४ मिलिमीटर आहे. तो बोर्डच्या मागच्या बाजूस बसवताना पिनांचा क्रम आरशातल्यासारखा उलटतो. तो तपासला नाही, तर सारे बोर्ड वाया जातात आणि पैसेही. म्हणून नकाशा मूळ आकारात कागदावर छापावा, त्यावर खरे भाग ठेवून पाहावेत, आणि मगच ‘गर्बर’ फाइली कारखान्याकडे पाठवाव्यात. थोड्या नगांची ऑर्डर घेणारे कारखाने आहेत.

बोर्ड हाती आला, भाग सोल्डर झाले, की लगेच फोनला लावू नये. आधी ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरने पाहावे. अनेक घरांत सर्वांना मिळून एकच चांगला फोन असतो. मुलांची शाळा, पगाराचा निरोप, बँक, सारे त्याच्यावर चालते. पहिली चाचणी त्या फोनवर कदापि करू नये. एखाद्या जुन्या फोनवर करावी.

आपली कितीतरी मुले दुरुस्तीच्या दुकानांत उत्तम सोल्डरिंग करतात. पण ती ज्या बोर्डवर काम करतात तो दुसऱ्याने आखलेला असतो. आखणी ही मोठ्या कॉलेजातल्यांचीच विद्या आहे, असे मनाशी धरून ती तिकडे वळत नाहीत. प्रत्यक्षात तिला लागतो एक साधा संगणक, थोडे इंग्रजी आणि चिकाटी. पालकांनी महागड्या क्लासची फी भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला हा मोफत प्रोग्राम उघडून द्यावा. प्रथम एक एलईडी आणि एक रेझिस्टर यांचा बोर्ड आखावा. मग चार बटणांचा. तो चालला, की ३५ बटणांचे भय राहणार नाही. आणि घरातल्या आजीला आपल्या बोटांनी निरोप लिहिता येईल.