भारताचा फुटबॉल संघ आणि एका शिक्षकाचे कार्य

फुटबॉल हा खेळ खर्चाचा नाही. एक चेंडू, मोकळी जागा आणि धावण्याची हौस असलेली मुले एवढ्यावर तो उभा राहतो. तरीही आपल्या देशाच्या संघाने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत केव्हा नाव मिळविले, ते पुढे का टिकले नाही, ह्याची माहिती विद्यार्थ्यांस क्वचितच दिली जाते. शिक्षकांस ही माहिती विशेष उपयोगी वाटेल. कारण भारतीय संघाच्या उत्कर्षाचा काळ एका शाळाशिक्षकाच्या कार्याशी निगडित आहे.

स्वतंत्र भारताचा संघ १९४८ साली लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत उतरला. नागा टेकड्यांतून आलेले, वैद्यकीय शिक्षण घेणारे तालिमेरेन आओ हे त्याचे कर्णधार होते. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. पेनल्टीच्या दोन संधी वाया गेल्या आणि फ्रान्सने तो सामना २-१ असा जिंकला. परंतु अनवाणी खेळाडूंच्या चपळाईची सर्वत्र वाखाणणी झाली. १९५० साली इतर संघांनी माघार घेतल्यामुळे भारतास विश्वचषक स्पर्धेत प्रवेश मिळाला होता. मात्र संघ ब्राझीलला गेला नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळे असे घडले, अशी समजूत रूढ आहे. तेवढे एकच कारण मानणे बरोबर नाही. त्या काळी आपल्या संघटनेस विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकचे महत्त्व अधिक वाटत होते.

ह्याच सुमारास हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम संघाचे प्रशिक्षक झाले. ते व्यवसायाने शिक्षक होते आणि शारीरिक शिक्षणाचे शास्त्र त्यांनी रीतसर अभ्यासिले होते. त्यांच्या हाताखालील हैदराबाद पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. १९५१ साली दिल्ली येथे भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणचा १-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले.

पुढील वर्षी मात्र हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारतावर १०-१ अशी मात केली. थंड हवेत अनवाणी पायांनी चेंडूवर ताबा ठेवणे कठीण झाले. ह्या पराभवानंतर खेळाडूंस बूट घालणे सक्तीचे करण्यात आले. पराभवाची लाज बाळगून स्वस्थ न बसता त्याचे कारण शोधले, म्हणून पुढचे यश शक्य झाले.

ते यश १९५६ साली मेलबर्न येथे दिसले. भारताने यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले. मुंबईत टाटा संघाकडून खेळणारे मूळचे गोमंतकीय नेव्हिल डिसोझा ह्यांनी त्यांपैकी तीन गोल केले. ऑलिंपिक सामन्यात असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. भारताचा चौथा क्रमांक आला. १९६० साली रोम येथे भारताने फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली.

१९६२ सालची जाकार्ता येथील स्पर्धा ही रहीम ह्यांची अखेरची परीक्षा ठरली. त्या वेळी त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास ०-२ असे हरविले. इस्राएल व तैवान येथील खेळाडूंस प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यास एका भारतीय पदाधिकाऱ्याने हरकत घेतल्यामुळे प्रेक्षकही भारतावर रुष्ट होते. बचाव फळीतील जर्नैलसिंग ह्यांच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले, तेव्हा रहीम ह्यांनी त्यांस आघाडीस खेळविले. अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाविरुद्ध प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नैलसिंग ह्यांनी एकेक गोल केला आणि भारत २-१ असा विजयी झाला. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीम ह्यांचे निधन झाले.

त्यानंतर १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद आणि १९७० साली बँकॉक येथे कांस्यपदक मिळाले. पण उतार सुरू झाला होता. १९६० नंतर भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही. आशिया चषकाच्या १९८४, २०११, २०१९ व २०२३ च्या स्पर्धांत तो प्राथमिक गटाच्या पुढे गेला नाही.

ह्याचे कारण जपानच्या उदाहरणावरून चांगले समजते. १९६२ साली भारताने जपानला २-० असे हरविले होते. जपानने १९६० सालीच जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर ह्यांस पाचारण केले होते. १९६५ साली तेथे राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली आणि १९६८ साली मेक्सिको येथे जपानने ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. तेथे एका जाणत्याचे ज्ञान व्यवस्थेत उतरले. आपल्याकडे ते एका व्यक्तीपाशीच राहिले. जगात सामने नव्वद मिनिटांचे होत असता आपल्या देशातील सामने दीर्घकाळ सत्तर मिनिटांचेच राहिले, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

रहीम ह्यांची शिकविण्याची रीत साधी होती. चेंडू स्वतःजवळ न रेंगाळविता चटकन सोबत्याकडे देणे आणि कमजोर पायानेही खेळता येणे, ह्यांवर त्यांचा भर असे. ह्या दोन्ही गोष्टींस खर्च लागत नाही. खेळाच्या तासाला दहा मिनिटे सर्व मुलांनी फक्त डाव्या पायाने खेळावे आणि ज्यांचा डावा पाय बळकट असेल त्यांनी उजव्याने. नंतरची दहा मिनिटे चेंडू दोनदाहून अधिक वेळा न शिवता पुढे द्यावा, एवढा नियम शिक्षकांनी घालून दिला तरी पुरे. अशा खेळात एकटाच चेंडू घेऊन पळणाऱ्या मुलास सोबत्याकडे पाहावे लागते आणि कडेला उभ्या राहणाऱ्या मुलासही चेंडू मिळतो. त्यातून प्रत्येक शाळेत राष्ट्रीय खेळाडू निपजेल असे नव्हे. पण खेळाचे खरे शिक्षण वर्गातील प्रत्येक मुलास मिळेल.