सिगारेट चालते, पॅच नको?

नॉटिंगहॅममध्ये मी फार्मासिस्ट आहे. पाचवा महिना लागलेली एखादी बाई काउंटरवर येते, निकोटीन पॅचचा खोका उलटसुलट करून वाचते आणि परत ठेवते. पोटात बाळ असताना औषध नको, म्हणते. बाहेर पडल्यावर सिगारेट मात्र पेटते. मला तिचा राग येत नाही. गरोदरपणी साधी गोळीही विचारून घे, हे आम्हीच तिला शिकवलेलं. निकोटीन निरुपद्रवी नाहीच. पण धुरातून त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड येतो, रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि बाळाला प्राणवायू कमी पडतो. पॅचमध्ये धूर नाही.

मग पॅचने सिगारेट सुटते का? इथल्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी १,०५० गरोदर स्त्रियांवर केलेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणापर्यंत सिगारेटपासून दूर राहिल्या खऱ्या पॅचवाल्या ९.४ टक्के आणि बिनऔषधी पॅचवाल्या ७.६ टक्के. म्हणजे फरक नसल्यातच जमा. पण खरा पॅच मिळालेल्यांपैकी महिन्यापेक्षा जास्त काळ तो वापरला फक्त ७.२ टक्के जणींनी! शिवाय गरोदरपणी शरीर निकोटीन एरवीपेक्षा लवकर संपवतं. नेहमीचा डोस पुरत नाही, तलफ येते, बाई म्हणते औषधात दम नाही. म्हणून गरज पडली तर पॅचच्या जोडीला गम किंवा चघळायची गोळी देतात. पॅच झोपताना काढायचा. वॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या गरोदरपणात इथे देत नाहीत. ज्येष्ठमधाच्या चवीचं निकोटीनही टाळायला सांगतात.

माझा भरवसा औषधापेक्षा पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांवर जास्त, आणि थोडा पैशावरही. ग्लासगोत ६१२ जणींपैकी निम्म्यांना नेहमीच्या मदतीबरोबर सिगारेट सोडल्यास ४०० पौंडांपर्यंतची खरेदी-कुपनं देऊ केली. त्यांच्यापैकी २२.५ टक्क्यांनी सोडली. कुपनं नसलेल्यांपैकी ८.६ टक्क्यांनी. 'पैसे देऊन व्यसन सोडवायचं?' म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. मुरडोत.

आपल्याकडे प्रश्न सिगारेटपेक्षा मशेरीचा. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या २००४ च्या अभ्यासात मशेरीसारखी धुराविना तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं. वरच्या दोन्ही चाचण्या सिगारेटवरच्या, त्यामुळे मशेरी सोडायला दुकानातून परस्पर गम आणू नका. पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना मशेरीचं सांगा, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत फोन आहे: १८००-११-२३५६.